सत्तर ग्रॅमचं बोट

१२ जानेवारी, रविवार

आज दादाच्या हातून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं गेलं नाही. आधी एका अंगठ्याने पाहिलं, मग दोन्ही अंगठ्यांनी, मग कोपर टेकवून. शेवटी हसून म्हणाला, "स्प्रिंग म्हातारी झालीय बघ हिची."

म्हातारी झालेली स्प्रिंग ढिली होते, कडक होत नाही. सव्वीस वर्षं मी बटणं तपासण्याची नोकरी करतेय, एवढं मला कळतं आणि मला कळतं हे दादालाही कळतं. तरी मी "हो ना, जुनं झालं" म्हटलं आणि बटण दाबून दिलं.

त्याला ते आवडलं नाही. गाणं संपेपर्यंत खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाणी मागायचं, पाठ खाजवून मागायची, नाकावर माशी बसली तरी हाक मारायची. गाणं तेवढं माझं मी लावत होतो."

आठ महिने झाले या दुखण्याला. नसा स्नायूंना हुकूम द्यायचं हळूहळू सोडून देतात. आधी पाय गेले, आता हात. डॉक्टर म्हणतात, कान आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतील. हे ते चांगली बातमी सांगावी तसं सांगतात.

दादा लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवायचा. दहा टनांची तुळई अशी खाली टेकवायचा की खालच्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नसे. त्या हाताला एक बटण दाबवत नाही. छे! गाणं त्याचं तोच लावेल. मी लागले कामाला.

१४ जानेवारी, मंगळवार

कामावरून सुटल्यावर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. पिशवीत कारखान्यातला गेज घेतला होता. बटण किती ग्रॅमच्या जोराने दबतं ते हा काटा दाखवतो. दुकानदाराला आधी वाटलं मी कुठल्या तरी खात्याची तपासनीस आहे. त्याने घाईघाईने रेडिओ बंद केला आणि मला खुर्ची दिली.

त्याच्याकडे खिशात मावणारे म्युझिक प्लेअर सहा प्रकारचे निघाले. "आता हे कोण घेतं बाई? सगळे फोनवरच ऐकतात." फोन घरात आहे, पण त्याची काच दर मिनिटाला झोपते आणि तिला उठवायला बोट फिरवावं लागतं. शिवाय गाणं रंगात आलं की कुणाचा तरी फोन येतो आणि "आता कसं आहे?" विचारतो.

मी काउंटरवर एकेक प्लेअर मांडला आणि मोजायला लागले. दोनशे चाळीस, दोनशे दहा, एकशे नव्वद. दुकानदार म्हणाला, "लोक आवाज ऐकून घेतात, तुम्ही बटणं दाबून घेताय!" मी म्हटलं, "आवाज कसाही असू दे, सुरू करता आला तर ऐकायचा ना."

शेवटी काचेवर नुसतं बोट टेकवायचं तसला घेतला. जोर शून्य. घरी येताना इतकी खूश होते की एक थांबा पुढे जाऊन उतरले.

१९ जानेवारी, रविवार

काचेचा प्लेअर सपशेल आपटला. बोट टेकवायला जोर लागत नाही, खरंय. पण टेकवलेलं बोट उचलायलाही लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दादाचं बोट काचेवर पडलं ते पडूनच राहिलं आणि घसरत घसरत आवाजाच्या पट्टीवर गेलं. घर दणाणलं. वहिनी साबणाच्या हातांनी धावत आली. दादाला इतकं हसू आलं की हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबायला दहा मिनिटं लागली.

वहिनी त्याला बसतं करून पाठ चोळत होती. मला म्हणाली, "राहू दे ना ते आता. मी लावून देईन गाणी."

मला राग आला. सांगून ठेवते, वहिनी मनाने चांगली आहे, पण तिचं सगळं 'राहू दे' असतं. बावीस वर्षं बघतेय. गळका नळ राहू दे, उसवलेला पडदा राहू दे. मी म्हटलं, "तू लावून देणार आणि तो लावणार, यात काही फरक आहे की नाही?"

"आहे की," ती म्हणाली आणि पाठ चोळत राहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरा प्लेअर नेला. जाडजूड, पेटीसारखा, एकशे नव्वदचा. दादाच्या कॅसेटमधली दोनशे बारा गाणी कॉम्प्युटरवर घेऊन त्यात भरली. त्याची ती माउथ ऑर्गनची धून सगळ्यात पहिली. क्रेनच्या केबिनमध्ये तो ती रोज लावायचा. तिच्यात मध्येच वाजवणारा श्वास घेतो तो स्पष्ट ऐकू येतो. दादा म्हणायचा, माणूस वाजवतोय याची पावती आहे ती.

तिसऱ्या प्रयत्नात दाबलं गेलं! वाजलं. मी टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं, बोटाचाही जोर मोजून घ्यावा म्हणजे पुढचा अंदाज येईल. गेजवर त्याचं बोट ठेवलं. दोनशे पाच. वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला: तारीख, बोट, बटण.

"आली मोजणीबाई," दादा म्हणाला. लहानपणापासून तो मला हेच म्हणतो. मी त्याची भिंगरी किती वेळ फिरते तेही घड्याळ लावून मोजायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोट १६०. म्हणजे पेटी बाद.

आठवडाभर फोन करकरून एक तिसरा शोधून मागवला होता, १५० चा. आज तो बरोबर नेला होता. वहिनीने दार उघडलं आणि खोक्याकडे बघून नुसती बाजूला झाली.

त्याची सूचनांची पुस्तिका मुंगीच्या अक्षरात. गाणी भरायला दोन तास गेले. मध्ये दादाने विचारलं, "कारखान्यात काय चाललंय? ती तुमची नवी साहेबीण ओरडते का अजून?" त्याचे शब्द आता जरा जड येतात, जीभ पूर्ण वळत नाही. मी म्हटलं, "थांब रे, एवढं होऊ दे, मग सांगते." सगळं होईपर्यंत त्याला झोप लागली होती. साहेबिणीची गंमत सांगायची राहूनच गेली. पुढच्या वेळी सांगेन.

२ मार्च, रविवार

बोट १२०. तिसराही गेला.

हिशेब सोपा आहे. मी बटण शोधेपर्यंत बोट त्याच्या खाली उतरलेलं असतं. मला आजच्या बोटाचं बटण नको, पुढच्या महिन्याच्या बोटाचं हवं.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "एक सांगू? तो काटा नको आणत जाऊस. शनिवारपासून ह्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. काल दुपारभर बोट हलवून बघत होते."

मी म्हटलं, "म्हणजे सराव करतोय. चांगलंच आहे की."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परकी भाषा बोलतेय. तिला आकड्यांचं वावडं आहे, त्याला मी काय करू? आकडा वाईट नसतो. आकडा नसता तर मी अजून दोनशेच्या बटणांमागेच हिंडले असते.

९ मार्च, रविवार

९०.

याबद्दल आज काही लिहवत नाही.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत सुचलं आणि स्वतःच्याच डोक्यात एक चापट मारावीशी वाटली. बाजारात कशाला शोधतेय मी? आमच्याच कारखान्यात सगळ्यात हलकं बटण बनतं, मेडिकलच्या यंत्रांसाठी. साठ ग्रॅम. रोज हजारो माझ्या हाताखालून जातात. पेटीतलं कडक बटण काढायचं, तिथून दोन तारा बाहेर आणायच्या, तारेच्या टोकाला एक छोटी डबी आणि डबीत साठवालं बटण. डबी पांघरुणाखाली दादाच्या तळहाताशी ठेवायची. बोट आपसूक बटणावर येईल.

साहेबिणीला विचारलं. ओरडली नाही. म्हणाली, "दोन घेऊन जा. एक बिघडलं तर?" तिचे डोळे पाणावल्यासारखे वाटले, पण तिला सर्दी असते नेहमी.

१६ मार्च, रविवार

बोट ७०. साठच्या वर आहे! दहा ग्रॅम हातात आहेत.

मोजताना दादाच्या कपाळावर घाम आला. बोट काट्यावरून उचलून मी त्याच्या मांडीवर ठेवलं. तो हळूहळू, एकेक शब्द सोडवत म्हणाला, "पास... की नापास?"

"पास," मी म्हटलं. "एकदम फर्स्ट क्लास."

वहिनीने गेज उचलला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या पिशवीच्या तळाशी घातला. "आता हा इथे यायचा नाही," म्हणाली. आवाज चढवला नाही, पण बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तिची भीती वाटली. बरं, नाही आणणार. आता गरजही नाही.

२३ मार्च, रविवार

वाजलं! वाजलं! वाजलं!

पण नीट क्रमाने लिहिते. आठवडाभर सुट्टीत थोडं थोडं करत तारांचं सांधकाम उरकलं होतं. आज सकाळी जादा पाळी होती म्हणून कारखाना उघडा होता. डबीत बटण बसवलं, गेज लावला, बरोब्बर साठ. मग मनात आलं, एवढ्याशा बटणावरून त्याचं बोट घसरेल. भंगारातून एक चपटी प्लास्टिकची टोपी शोधली, नखाएवढी रुंद, ती बटणावर चिकटवली. गोंद सुकायला वेळ घेत होता आणि बस सुटायला आठ मिनिटं. फुंकर मारत मारत डबी बंद केली, पिशवीत टाकली आणि धावत सुटले. या वयात असं धावणं शोभत नाही.

दादाचा हात पांघरुणाखाली होता. मी डबी तळहाताशी ठेवली, बोट टोपीवर ठेवलं, समोर स्टुलावर बसले आणि म्हटलं, "दाब, दादा."

त्याने डोळे मिटले. काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. त्याच्या मानेची शीर तटतटली. मग त्याने डोळे उघडले आणि वहिनीकडे पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसली होती. "हात जरा वाकडा झालाय ह्यांचा," असं म्हणत तिने पांघरुणाखाली हात घालून सरळ केला. आणि पुढच्याच क्षणी माउथ ऑर्गन!

हात वाकडा होता एवढंच. मला सुचायला हवं होतं.

मला रडू कोसळलं. दादा माझ्याकडे बघून हसला. आता त्याचं हसू एकाच बाजूने येतं, पण आलं. मी तोंड धुवायला बेसिनकडे गेले तेव्हा ती दोघं आत काहीतरी हळू बोलत होती. परत आले तर वहिनी म्हणाली, "आता बस बाई निवांत. झालं ना तुझं काम?"

आणि मी बसले. साहेबिणीची सगळी गंमत सांगितली. दादाने ऐकली.

६ एप्रिल, रविवार

मी जिन्यात असतानाच गाणं ऐकू आलं. वहिनी म्हणाली, "ह्यांनीच लावलं, तुझी पावलं ओळखून." चौदा दिवस झाले, बोट टिकून आहे. शब्द मात्र गेलेच जवळजवळ. हो म्हणायला डोळे एकदा मिटतो, नाही म्हणायला दोनदा.

आता मला तिथे करायला काही नसतं. आधी विचित्र वाटलं. रिकाम्या हातांनी त्याच्याजवळ बसले. मग त्याच्या पायांना तेल लावलं. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि दादाने मला सायकलवर बसवून गोदामात नेलं होतं, क्रेनच्या केबिनमध्ये वर चढवलं होतं, ते आठवलं. त्याला म्हटलं, आठवतं का रे? डोळे एकदा मिटले.

२० एप्रिल, रविवार

आज जरा मन खट्टू झालं. वहिनी औषधं आणायला गेली होती. मी दादाला म्हटलं, "लाव की काहीतरी." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे दोनदा मिटले. मी म्हटलं, "लाव ना रे, माझ्यासाठी." पुन्हा दोनदा. मग डोळे मिटूनच पडून राहिला.

वहिनी आली, हात धुतले, त्याच्याजवळ बसली, पांघरूण सारखं केलं. मिनिटभरात गाणं सुरू!

म्हणजे बायको आली की गाणं, आणि बहीण नुसती घसा कोरडा करून मागत होती. पन्नाशी उलटली तरी असल्या गोष्टींचं वाईट वाटतं, याची लाज वाटते. पण वाटलं ते लिहिलं.

२७ एप्रिल, रविवार

डॉक्टर घरी तपासायला आले होते. मी त्यांना अभिमानाने सांगितलं की पाच आठवडे बोटाचा जोर अजिबात उतरलेला नाही, साठ ग्रॅमचं बटण अजून दाबतो. ते वहिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं आहे. फार चांगलं आहे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांचा अंदाज चुकला, ते कबूल करायला जड जात असणार. मला आता खरंच वाटतंय की उतरण थांबली आहे. एका बोटापासून सुरुवात झाली तर? रस्त्याने येताना उगाचच दोन दुकानांच्या काचांसमोर थांबले.

११ मे, रविवार

वहिनीच्या उजव्या अंगठ्याला पट्टी. सांधा सुजलाय. म्हटलं, काय झालं? म्हणाली, कपडे पिळून. मी म्हटलं, मशीन असताना पिळतेस कशाला? तर म्हणे, "राहू दे गं." झालं. आला तिचा 'राहू दे'. मी तिला मलम लावून दिलं. तिचा हात इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता. केवढासा आहे.

२५ मे, रविवार

दादाला श्वास पुरत नाही. आज फक्त ती एकच धून पुन्हा पुन्हा वाजत होती. वहिनी त्याच्या शेजारीच आडवी झाली होती, एक हात पांघरुणात. मी पायांशी बसले. वाजवणारा श्वास घेतो ती जागा आली की दादाचे डोळे हलत. मला फार भीती वाटतेय.

२९ मे, गुरुवार

दादा गेला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. मी कामावर होते.

८ जून, रविवार

घर अजून औषधांचा वास सोडत नाही. वहिनीने पलंग भिंतीला लावून टाकलाय. तिने प्लेअर, तारा, डबी, सगळं एका स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. "तुझ्या हातचं आहे. तुझ्याकडे असू दे."

मी घरी आणून टेबलावर ठेवलं आहे. उघडवत नाही.

१० जून, मंगळवार

डबी आज कारखान्यात नेली. कशाला नेली? तक्त्यात शेवटची ओळ रिकामी होती म्हणून. दोन महिने वापरलेलं बटण किती भरतं ते लिहून तक्ता पुरा करावा, एवढंच मनात होतं. माझा स्वभावच तसला.

गेज लावला. तीनशे दहा.

मला वाटलं काटा अडकला. दुसरा गेज आणला. तीनशे पाच. तिसऱ्यांदा तीनशे दहा.

डबी उघडली. टोपी. ती टोपी. ओल्या गोंदावर डबी बंद करताना एका बाजूला केसभर सरकली होती आणि झाकणाच्या भोकाच्या कडेला घासत होती. कडेवर घासल्याचा पांढरा ओरखडा पडलाय. आतलं बटण साठचंच आहे. पण टोपीसकट, झाकणासकट, तीनशे दहा.

मी मोजलं होतं ते उघड्या बटणाला. सव्वीस वर्षं मी पोरींच्या डोक्यावर उभी राहून ओरडतेय, मोजायचं ते पूर्ण जोडल्यावर, आधी मोजलेलं मोजलेलं नसतं. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे ते. आणि माझ्या दादाच्या बटणाला मी बस पकडायला धावले.

सत्तर ग्रॅमचं बोट तीनशे दहाचं बटण दाबू शकत नाही. एकदाही नाही. पहिल्या दिवशीही नाही.

मग वहीची मागची पानं काढून वाचली. पांघरूण सारखं केलं. हात सरळ केला. औषधं आणायला गेली तेव्हा गाणं नाही. अंगठ्याला पट्टी. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच हाताने, आणि एक अक्षर मला कळलं नव्हतं. साहेबिणीने येऊन विचारलं काय झालं, तर मी नुसती डबी पुढे केली. तिने मला घरी पाठवलं.

१५ जून, रविवार

वहिनीकडे गेले. बसायच्या आधीच विचारलं, "तू दाबत होतीस ना?"

ती भांडी पुसत होती. फडकं खाली ठेवलं. नाही म्हणाली नाही.

"पहिल्या दिवशी त्यांनी जीव तोडून दाबून पाहिलं," ती म्हणाली. "हललं नाही. तू समोर बसली होतीस, बारा वर्षांच्या पोरीसारखी तोंड करून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"ते नको म्हणाले. तू तोंड धुवायला गेलीस ना, तेव्हा. तेव्हा अजून बोलता येत होतं थोडं." मग तिने अगदी त्याच्यासारखं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तिला सांगू नको. ती पुन्हा नवीन शोधायला जाईल. इथे बसणारच नाही."

मी स्टुलावर बसले. त्याच स्टुलावर.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "बोट मात्र त्यांचंच असायचं हं. मी लावते म्हटलं तर डोळे दोनदा मिटायचे. आधी त्यांचं बोट ठेवायचं, मग वरून माझा अंगठा. हळूहळू दाबायचे मी, त्यांना दुखू नये म्हणून."

"दाखव," मी म्हटलं. डबी प्लेअरसकट पिशवीत होती. टोपी घासायला मी कानसही आणली होती. एक मिनिटाचं काम. वहिनीने माझं बोट टोपीवर ठेवलं आणि वरून तिचा सुजका अंगठा ठेवून दाबलं. नखाखाली कळ गेली, हाडापर्यंत. मग माउथ ऑर्गन सुरू झाला. वाजवणाऱ्याने श्वास घेतला ती जागा आली तेव्हा वहिनी रडायला लागली, आणि मीही. बावीस वर्षांत आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो नव्हतो.

गाणं संपल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "एक मात्र विचारायचं होतं तुला. हे बटण मुळातच एवढं कडक असतं का गं? की त्यांचंच बोट संपलं होतं? मला सारखं वाटत राहतं, अजून थोडं हलकं असतं तर त्यांचं त्यांना जमलं असतं."

कानस माझ्या पिशवीत होती. तिला सांगितलं असतं, तर तिलाही तेच कळलं असतं जे मला मंगळवारपासून कळलंय. दहा ग्रॅम त्याच्या हातात होते. निदान काही दिवस तरी गाणं त्याचं त्याने लावलं असतं.

"मुळातच असतं," मी म्हटलं. "याच्याहून हलकं बटण बनतच नाही."

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाली. तिचे खांदे खाली आले.

सव्वीस वर्षांत मी एकही आकडा खोटा सांगितला नव्हता. टोपी घासली नाही. घासली तर तिला कळेल. डबी तिथेच, तिच्या उशाशी ठेवून आले. तिच्या अंगठ्याला त्या बटणाची सवय आहे.

तक्त्यातली शेवटची ओळ मात्र आत्ता भरली. बोट ७०, बटण ३१०. ही वही आता कुलपात ठेवायला हवी, वहिनीच्या हाती लागता कामा नये. पुढच्या रविवारी ती लवकर ये म्हणाली आहे. गळका नळ दाखवायचाय म्हणे.